बाटलीचं दुपटं

माझ्या आजारपणाची सुरुवात पेढ्यांनी झाली. पेढे यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, फॅक्टरीच्या बसमध्ये वाटले होते आणि ड्रायव्हरला दोन दिले होते. लग्नाला चार वर्षं होऊन गेल्यावर माझी लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर माणूस पेढे वाटणार नाही तर काय करणार?

सन ऐंशीचा पावसाळा चालू होता. आम्ही भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी घरी शिलाई मशीनवर शेजारणींचे ब्लाउज शिवायचे, आणि त्या बदल्यात शेजारणी मला मूल होण्याचे उपाय सांगायच्या. टेस्ट आली आणि उपाय बंद झाले. उलट्या मात्र अशा सुरू झाल्या की पाणीसुद्धा पोटात ठरेना.

बातमी ऐकून सासूबाई गावाहून, एकोडीहून आल्या. मी त्यांना आईच म्हणते. त्यांनी सहा बाळंतपणं स्वतः केली होती आणि गावातल्या कितीतरी बायांची निस्तरली होती. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, बोटांवर महिने मोजले, पुन्हा पाहिलं. तिसरा संपत आला होता आणि पोट पाचव्याचं दिसत होतं.

"हे एका लेकराचं पोट नाही होय," आई म्हणाल्या. "दोन हायेत."

झालं. त्या दिवसापासून घरात सगळं दोनदोन सुरू झालं. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही शिवत नाहीत. सुई लावू नये म्हणतात. पण आईंना आनंद आवरेना. त्यांनी आपलं मऊ झालेलं जुनं लुगडं फाडलं आणि चार दिवसांत दोन दुपटी हाताने शिवली. एकाला हिरवा काठ, एकाला लाल. मी म्हटलं, आई, मशीन आहे ना घरात. म्हणाल्या, "मशीनच्या टाक्याले माया नसते."

नागपूरचा कागद

पोळ्याच्या आठवड्यात मला रक्त जायला लागलं. भंडाऱ्याहून थेट नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई चष्मा कपाळावर ढकलून बोलायच्या. त्यांनी बराच वेळ पोट तपासलं, नळी लावून ऐकलं, मग चष्मा कपाळावर नेला. मला तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलं आहे.

त्या म्हणाल्या, "सुमन, पोटात बाळ नाहीये."

मी विचारलं, "दोन्ही गेले?"

"गेले नाहीत. नव्हतेच."

याला द्राक्षगर्भ म्हणतात. गर्भाच्या जागी पाण्याच्या लहान लहान फोडांचा घड वाढतो, आणि शरीराला वाटत राहतं की आपण गरोदर आहोत. गर्भपिशवी साफ केली. नंतर मी रडले ते नेमकं कोणासाठी, हे मला अजून सांगता येत नाही. मूल गेलं तर बाई त्याच्या नावाने रडते. माझं तर कुणी गेलंच नव्हतं, तरी दोन दुपटी घरी घडी करून ठेवलेली होती. हे दुःख फार एकटं होतं, कारण ते कोणत्या खणात ठेवायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. ज्या बाईवर ही वेळ आली असेल तिला मी एवढंच सांगेन की रडून घे. कोणासाठी, हे नंतर ठरव.

घरी जाताना डॉक्टरबाईंनी एक कागद दिला. दर आठवड्याला लघवीची टेस्ट करायची. ती निगेटिव्ह व्हायलाच हवी. नाही झाली, तर त्या घडाचे कण कुठेतरी अजून जिवंत आहेत असं समजायचं.

ती निगेटिव्ह झाली नाही. सहाव्या आठवड्यात मला खोकला लागला, आणि छातीच्या फोटोत वाटाण्याएवढे दोन पांढरे ठिपके दिसले. आईंनी सांगितलेली जुळी अशी छातीत निघाली, असं मी यांना म्हटलं. हे हसले नाहीत. मीही मग हसले नाही.

वॉर्ड

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. हा कॅन्सरच्या जातीचा आजार आहे, पण औषधाला इतका सरळ वागणारा दुसरा नाही. इंजेक्शनांचे फेरे घ्यायचे, टेस्ट निगेटिव्ह होईपर्यंत. मग वर्षभर टेस्टवर नजर ठेवायची, आणि त्या वर्षात दिवस राहू द्यायचे नाहीत.

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतर पिशवी तुझी आहे. आधी तू जग."

म्हणजे माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या, जगणं आणि आई होणं, आणि दोन्ही एका टेस्टला बांधलेल्या.

वॉर्डात दिवस लवकर सुरू व्हायचा. फरशी पुसणाऱ्या मावशी आधी, मग चहा, मग सिस्टर, मग सुई. हे औषध घाईत वाढणाऱ्या पेशींना गाठतं. पण तोंडाच्या आतली कातडी आणि डोक्याचे केससुद्धा घाईनेच वाढतात, त्यामुळे सुक्याबरोबर ओलंही जळतं. माझं तोंड आतून सोलून निघालं. वरणाचा घोट आगीसारखा लागायचा. केस उशीवर राहायचे. मला भीती वाटायची ती दुपारी चारनंतर, भेटीची वेळ संपून घरची माणसं दारातून वळली की. मग मी छातीवर हात ठेवून ते दोन ठिपके लागतात का ते बघत बसायचे. ठिपके काही हाताला लागत नव्हते.

पण त्याच वॉर्डात मला दया काय असते तेही कळलं. फरशी पुसणाऱ्या मावशी घरून थंड ताक-भात पातळ करून आणायच्या. "गिळ, चावू नको," म्हणायच्या. सिस्टरने माझे उरलेले केस कापून दिले आणि आरसा दाखवायच्या आधी स्वतःच म्हणाली, "कान फारच गोड आहेत तुमचे, आजवर लपवले होते." बाईच्या टकलाचं सांत्वन इतक्या सुबकपणे करता येतं, हे मला माहीत नव्हतं.

सुई

घरात मात्र काहीतरी अडलं होतं. आई रोज डबा आणायच्या, पण माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. मी समजले, त्या माझ्यावर रागावल्या आहेत. आमच्याकडे मूल झालं नाही की बोट बाईकडेच जातं. मी वाट पाहत होते, कधी बोलतात.

एका सकाळी सगळेच खाटेभोवती होते. हे, आई, आणि एकोडीहून आलेले मामाजी, म्हणजे माझे सासरे. डॉक्टरबाई राउंडला आल्या. आई पदर सावरून पुढे झाल्या.

"डाक्टरीनबाई, एक इचारू का? तिले काही बोलू नका. चूक माही हाये. लेकरू व्हायच्या आधीच मी सुई लावली."

मी उठूनच बसले. म्हणजे इतके दिवस ही बाई माझ्यावर नाही, स्वतःवर रागावली होती.

डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला आणि त्या चक्क खाटेच्या कडेला टेकल्या. "आजी, आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत एकच पोथी असते. डोळ्यात तीच, नखातही तीच. पण डोळ्याची पेशी डोळ्याची पानं उघडी ठेवते, बाकीची मिटते. नखाची नखाची. बाळ घडताना ही पानं क्रमाने उघडतात आणि मिटतात. अर्धी पोथी आईकडून येते, अर्धी बापाकडून. हिच्या वेळी आईकडची अर्धी आलीच नाही. बापाचीच दोनदा आली. मग बाळाला पोसणारी वार घडवायची पानं उघडली ती उघडीच राहिली. वार वाढत गेली, बाळ घडलं नाही. हे आत्ता आत्ता जगाला कळलंय, माझंही अजून वाचून व्हायचंय. पण तुमच्या सुईचं नाव त्यात कुठे नाही."

तेवढ्यात यांचा चेहरा पडला.

"म्हणजे माझ्याकडून झालं," हे म्हणाले.

"तुमच्याकडूनही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही काय मोजून पाठवलं होतं?"

मला हसू आलं, आणि तोंड सोललेलं असल्यामुळे हसताना डोळ्यांत पाणी आलं. इतर घरांत दोष एकमेकांच्या अंगावर ढकलतात. आमच्याकडे जो तो आपल्याकडे ओढत होता.

मामाजी तोवर खिडकीजवळ उभे होते. ते म्हणाले, "डाक्टरीनबाई, हे तर गाद झाली."

गाद म्हणजे धानाचा रोग, आमच्या भागात पोराटोरांनाही माहीत. गादमाशीची अळी फुटव्याच्या पोटात जाऊन बसते, आणि जिथून लोंबी यायची तिथून कांद्याच्या पातीसारखा पांढरा पोकळ पोंगा निघतो. डॉक्टरबाई नागपूरच्या, त्यांना माहीत नव्हतं. मामाजींनी त्यांना नीट समजावून सांगितलं, वॉर्डाच्या मधोमध उभं राहून.

"बी तेच, पानी तेच, झाडही तेच. पन हुकूम बदलते, अन् लोंबीच्या जागी पोंगा येते. त्यात कास्तकाराचा का दोष? अन् गाद आली म्हनून धानाची बांधी कोनी पडीत नाही ठेवत. पोंगा आलेल्या धानाले बाजूनं नवे फुटवे येते. मुळी शाबूत पाहिजे."

"मुळी शाबूत आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मामाजींनी मान हलवली आणि मला म्हणाले, "मंग कायले रडतं?"

त्या दिवशी दुपारी चारनंतर मला भीती वाटली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाटली. पण छातीवर हात ठेवून बसले नाही.

आरसा

चौथ्या फेऱ्यानंतर छातीतले ठिपके विरले, आणखी फेरे लागतील की नाही ते टेस्टवर ठरणार होतं, म्हणून मला घरी सोडलं. आता टेस्टसाठी दर आठवड्याला नागपूरच्या लॅबमध्ये सकाळची पहिली लघवी पोचवायची होती. जवाहरनगरहून फॅक्टरीच्या बसने भंडारा, तिथून एसटीने नागपूर. बाटली काचेची, औषधाची, स्वच्छ उकळलेली. पहिल्याच खेपेला एसटीच्या धक्क्याने ती माझ्या हातातल्या कापडी पिशवीत फुटली. त्या दिवशी मी घरी येऊन ढसाढसा रडले. कॅन्सरला एवढी रडले नव्हते.

दुसऱ्या खेपेला आईंनी पेटीतून लाल काठाचं दुपटं काढलं. त्यांनी बाटली मध्ये ठेवली, चारही बाजूंनी दुपटं घेतलं, आणि तान्ह्या बाळाला गुंडाळतात तशी घट्ट गुंडाळली. वरचं टोक मानेशी दुमडतात तसं बुचाशी दुमडलं.

"कामात तरी येऊ दे," म्हणाल्या.

मी ती बाटली मांडीवर घेऊन एसटीत चढले. डोक्यावर पदर, अंग अशक्त, मांडीवर दुपट्यातलं गाठोडं. गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "अगा, जागा दे ना त्या बाईले, लेकरू हाये आंगावर." खिडकीची जागा मिळाली. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण जागा खिडकीची होती. मी बसले.

म्हातारीने विचारलं, "काय हाये, पोरगा का पोरगी?"

"अजून कळलं नाही," मी म्हटलं. "दोन तासांनी कळेल."

मी वेडी असल्यासारखी म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मामाजींना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. त्यानंतर मी वर्षभर कधी उभी राहिले नाही. एका बाईने उन्हापासून वाचवायला बाटलीवर आपला पदर धरला होता, तेवढ्याचं मात्र मला अजून ओशाळवाणं वाटतं.

लॅबमध्ये एक वयस्कर भाऊ होते. ते नळीत थेंब घालून ती लाकडी स्टँडमध्ये उभी करत, खाली आडवा आरसा असे. दोन तास स्टँडला धक्का लागू द्यायचा नाही. मग वाकून आरशात बघायचं. नळीच्या बुडाशी तपकिरी कडं दिसलं की पॉझिटिव्ह. कडं नसलं की निगेटिव्ह. ते दोन तास मी बाकावर बसून रिकामं दुपटं घडी करायचे, उघडायचे. कडं आधी जाड दिसायचं, मग बारीक. हातातली बांगडी झिजावी तसं ते दर खेपेला झिजत गेलं.

एका मंगळवारी भाऊंनी मला आत बोलावलं. "या, तुम्हीच पाहा."

मी वाकले. आरशात नळीचं बूड दिसलं, आणि त्यात काहीच नव्हतं. काहीच नसणं इतकं सुंदर दिसतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी भाऊंच्या स्टँडला धक्का न लावता, हात अंगाशी धरून, तिथल्या तिथे दोन उड्या मारल्या.

पुढच्या आठवड्यात मी पेढे नेले. भाऊ म्हणाले, "बाई, निगेटिव्हचे पेढे मी पहिल्यांदा खाऊन राहिलो."

मग वर्षभर महिन्याच्या महिन्याला निगेटिव्ह. कॉलनीतल्या बाया पॉझिटिव्हसाठी उपास करत, आणि आमच्या आई निगेटिव्हसाठी. देवालाही क्षणभर थांबून विचार करावा लागला असेल. वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत हे डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. आईंनी ते इतकं मनावर घेतलं की आपली खाट उचलून आमच्याच खोलीत टाकली. यांनी तीन दिवस घरात अबोला धरला.

पुन्हा कडं

त्र्याऐंशी साली माझी पाळी चुकली. उलट्या सुरू झाल्या. मी बाटली दुपट्यात गुंडाळली आणि एकटीच नागपूरला गेले.

आरशात कडं होतं. जाड, गोल, तपकिरी.

पॉझिटिव्ह म्हणजे बाळ, किंवा पॉझिटिव्ह म्हणजे तो घड पुन्हा. एकच कडं, दोन अर्थ, आणि नळीला काही विचारता येत नव्हतं. भाऊंनी मला बाकावर बसवून पाणी दिलं. डॉक्टरबाईंनी पोट तपासलं, म्हणाल्या, आकार महिन्यांप्रमाणे आहे, पण थोडे आठवडे थांबू, मग ठोक्यांचा आवाज ऐकू. ते आठवडे माझ्या आजारपणातले सगळ्यात लांब होते. इंजेक्शनांच्या वेळी निदान काहीतरी चालू होतं. आता नुसती वाट पाहायची. घरात पेढे नाहीत, दोनदोन नाही. आईंनी सुईला हातसुद्धा लावला नाही. फाटलेला पदरही मलाच शिवायला लावला. मी म्हटलं, डॉक्टरबाईंनी सांगितलं ना, सुईचा काही संबंध नाही. म्हणाल्या, "मले समजते. हाताले नाही समजत."

ठरल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाईंकडे नवं यंत्र आलं होतं, पोटावर ठेवलं की आतला आवाज खोलीत ऐकू येई. त्यांनी ते इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. खरखर, खरखर. मी यांचा हात इतका दाबला की नंतर नखांच्या खुणा दिसल्या. आणि मग एकदम आवाज लागला. भरभर, एकसारखा, न थांबता.

आई कान देऊन ऐकत होत्या. "हे तं तुयी मशीन चालून राहिली," त्या म्हणाल्या.

खरंच, पायाने जोरात चालवलेल्या शिलाई मशीनसारखाच आवाज होता. आत कुणीतरी शिवत होतं. डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर नेला आणि मी घाबरले, पण त्या फक्त डोळे पुसत होत्या. "पानं उघडताहेत," म्हणाल्या. "जशी उघडायची तशी."

मुलगी झाली. घरात बाळाचं एकही कापड नव्हतं. आईंनी लाल काठाचं दुपटं पुढे केलं. सिस्टर म्हणाली, आजी, हे तर लघवीच्या बाटलीचं. आई म्हणाल्या, "धुतलेलं हाये. अन् याले धरायची सवय हाये."

हिरवा काठ

हिरव्या काठाचं दुपटं पेटीत तसंच होतं. मुलगी वर्षाची असताना डॉक्टरबाईंचा निरोप आला. लाखनीकडची एक बाई आहे, तुझ्यासारखीच, घाबरली आहे, भेटशील का? मी गेले आणि दुपटं घेऊन गेले. बाटली कशी गुंडाळायची, बुचाशी टोक कसं दुमडायचं, ते दाखवलं. अट एकच घातली. वर्षभर निगेटिव्ह आलं की परत करायचं.

तेव्हापासून ते चार बायांकडे जाऊन आलं आहे. परवा वरठी स्टेशनजवळ राहणारी चौथी आली. दुपटं धुऊन इस्त्री करून आणलं होतं, वर पेढ्यांचा पुडा. वर्ष पूर्ण होऊन वर चार महिने झालेले. पदर पुढे ओढून बसली होती, आणि आईंनी, आता कमी दिसत असूनही, एका नजरेत ओळखलं की तिला दिवस गेले आहेत.

"आवाज ऐकला का?" आईंनी विचारलं.

"हो. मागच्या हप्त्यात. चांगला लागला." मग ती थोडी घुटमळली. "आजी, हे दुपटं बाळासाठी ठेवू का?"

मी नाही म्हणणार होते, कारण ते दुपटं बाटलीचं आहे, पुढच्या बाईचं आहे. पण आईंनी मला बोलूच दिलं नाही.

"हे राहू दे," त्या म्हणाल्या. "मी नवं शिवतो तुले."

"बाळ झाल्यावर?"

"आताच." आणि माझ्याकडे हात पुढे करून म्हणाल्या, "सुई ओवून दे वो. मले दिसत नाही."

मी सुई ओवून दिली. आई आता खिडकीत बसून शिवत आहेत, जुनं लुगडं, पिवळा काठ, हाताचे टाके. माझी मुलगी यंदा पहिलीत गेली आहे, ती दोरा धरून बसली आहे. आणि हिरव्या काठाचं दुपटं पुन्हा पेटीत आहे. तुमच्यापैकी कोणाला बाटली न्यायची असेल तर येऊन घेऊन जा. एसटीत बसायला जागा मिळते.